ज्या चुकीत कोणी मरत नाही

बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, हा आकडा जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितला आणि महाराष्ट्र हादरला. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची माहिती गोळा केली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशभरातले हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, पण एवढे अंतर काही पद्धतीमुळे पडत नाही.

त्या महिन्यांत लिहिले-बोलले गेले ते मुकादमाच्या उचलीबद्दल, पाळीच्या दिवसांत खाडा पडला की कापल्या जाणाऱ्या पैशांबद्दल, फडावर ना न्हाणीघर ना संडास अशा जगण्याबद्दल. ते सगळे खरे होते आणि आजही खरे आहे. काही खासगी दवाखान्यांच्या लोभाबद्दलही लिहिले गेले. एक प्रश्न मात्र कडेला राहिला. यातल्या प्रत्येक शस्त्रक्रियेआधी कुणा एका डॉक्टरने निर्णय घेतला होता. त्या निर्णयाचे कारण पटण्याजोगे होते का, हे त्याच विषयातल्या दुसऱ्या डॉक्टरने कधी पाहिले होते का? शस्त्रक्रिया एकट्याने होत नाही. भूल देणारा असतो, मदतनीस असतो, परिचारिका असते. त्याच गावात त्याच विषयाचे आणखी चार जण दवाखाने चालवत असतात. तरीही हा विषय चव्हाट्यावर आला तो स्त्री संघटना आणि पत्रकार यांच्यामुळे. पहिला आवाज तज्ज्ञांच्या संघटनांचा नव्हता.

गरज नसताना पिशवी काढली तर काय होते, हे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. बहुतेक वेळा काहीच होत नाही. टाके नीट भरतात, बाई चार-सहा दिवसांत चालत घरी जाते, अंगावरून जाणे थांबते म्हणून डॉक्टरांचे आभार मानते. ना मृत्यू, ना तक्रार, ना पोलीस, ना ग्राहक आयोग. बीजकोशही काढले असतील तर पस्तिशीतच पाळी गेल्याचे सगळे परिणाम हळूहळू येतात. हाडे ठिसूळ होतात, अंगाची आग होते, हृदयविकाराचा धोका वाढतो. पण तोवर इतकी वर्षे लोटलेली असतात की त्या दुखण्याचा त्या शस्त्रक्रियेशी संबंध लावायला कोणी जात नाही. मृत्यूची चौकशी करणारी आपली सगळी यंत्रणा अशा चुकीपुढे आंधळी असते. रुग्णालाही ही चूक दिसत नाही. न्यायाधीशाला, तहसीलदाराला, वार्ताहराला तर नाहीच. सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्ताचे प्रमाण, आधी दिलेल्या गोळ्या आणि काढलेल्या पिशवीची बायोप्सी हे सारे समोर ठेवून ‘इथे पिशवी काढायला नको होती’ असे म्हणू शकेल असा एकच माणूस असतो, दुसरा स्त्रीरोगतज्ज्ञ.

माझे म्हणणे एवढेच आहे. तज्ज्ञ डॉक्टरांच्या रोजच्या कामाची त्यांच्याच विषयातल्या सहकाऱ्यांकडून नियमित तपासणी झाली पाहिजे, ती तक्रारीची वाट न पाहता झाली पाहिजे, आणि ती उभी करण्याची जबाबदारी महाराष्ट्रातल्या तज्ज्ञांनी स्वतः घेतली पाहिजे. वैद्यकात याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. आपल्याकडच्या मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत मृत्यूंचा आढावा घेणाऱ्या मॉर्टॅलिटी मीटिंग होतात, काही कॉर्पोरेट रुग्णालयांत मानांकनासाठी ऑडिटच्या फायली तयार होतात. पण महाराष्ट्रातला रुग्ण बहुतांशी जातो तो दहा-वीस खाटांच्या, एका डॉक्टराच्या किंवा डॉक्टर जोडप्याच्या मालकीच्या दवाखान्यात. तिथे त्या डॉक्टराचा निर्णय शेवटचा असतो आणि पुढची तीस वर्षे तो निर्णय कुणी पाहत नाही.

असे पाहण्याने खरेच काही बदलते का? याच शस्त्रक्रियेबाबत एक जुना आणि नेमका पुरावा आहे. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात १९६४ ते १९७१ या काळात गर्भाशय काढण्याच्या वार्षिक शस्त्रक्रिया ७२.१ टक्क्यांनी वाढल्या. पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांची संख्या वाढली होती केवळ ७.६ टक्क्यांनी. प्रांताच्या आरोग्य खात्याला शंका आली. खात्याने छापे घातले नाहीत, परवान्याची सक्तीही केली नाही. डॉक्टरांच्याच प्रांतिक कॉलेजला, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संस्थेला, सांगितले की तुम्ही पाहा. कॉलेजने समिती नेमली. समितीने आधी कोणकोणत्या कारणांसाठी गर्भाशय काढणे समर्थनीय आहे याची यादी ठरवली, मग सात रुग्णालयांतले केस पेपर काढून त्या यादीशी ताडून पाहिले. पहिल्या फेरीत सरासरी २३.७ टक्के शस्त्रक्रिया समर्थनीय ठरल्या नाहीत. दुसऱ्या फेरीत हे प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले. १९७० ते १९७४ या काळात प्रांतातल्या एकूण शस्त्रक्रिया ३२.८ टक्क्यांनी घटल्या. कुणी तुरुंगात गेले म्हणून हे झाले नाही. आपण लिहिलेले कारण आपल्याच विषयातला जाणकार वाचणार आहे, एवढे कळल्यावर हात थांबू लागले.

यातली पहिली पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. यादी आधी ठरली, केस पेपर नंतर उघडले. कुणाचे काम तपासायचे हे ठरवून मग कसोट्या शोधल्या असत्या तर ती सूडाची समिती झाली असती.

दरवेळी यामागे पैशाचा लोभच असतो असे मानणे सोपे आहे, आणि चुकीचे आहे. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतली अकरा वर्षांची एक हजार मुले पाहण्यात आली. त्यांतल्या ६१ टक्के मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली मुले शाळेच्या डॉक्टरांकडे पाठवली, तर त्यांनी ४५ टक्के मुलांना शस्त्रक्रिया सांगितली. ज्यांना ‘गरज नाही’ म्हटले होते ती मुले दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली. त्यांनी त्यांतल्या ४६ टक्क्यांना शस्त्रक्रिया सांगितली. तिसऱ्या फेरीतही जवळपास तेच. शेवटी हजारांत ६५ मुले अशी उरली की ज्यांना कुणीच शस्त्रक्रिया सांगितली नव्हती. या तपासणीत कुणा डॉक्टरला पैसे मिळणार नव्हते. समोर आलेल्या मुलांपैकी निम्म्यांना टॉन्सिल काढण्याची गरज असते, ही त्यांची सवयीने बनलेली समजूत होती आणि ती समजूत कुणी कधी त्यांच्यासमोर मांडली नव्हती. पांढरे जाते, कंबर दुखते, सोनोग्राफीत पिशवीला सूज दिसते, पुढे कॅन्सर होईल, मग काढून टाकू, हीही अनेकांच्या बाबतीत अशीच सवय असू शकते. सवय माणसाला स्वतःची स्वतः दिसत नाही. लोभाला कायदा लागतो, सवयीला सहकाऱ्याचा डोळा लागतो.

आता सहकारी गप्प का राहतात ते पाहू. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीतली गोष्ट प्रत्येक तज्ज्ञाने शांतपणे वाचावी अशी आहे. तिथे लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया होत. १९८८ मध्ये स्टीफन बोल्सिन हे भूलतज्ज्ञ रुजू झाले. इथे शस्त्रक्रियांना फार वेळ लागतो आणि मुले जास्त दगावतात, हे त्यांच्या लक्षात आले. १९९० मध्ये त्यांनी रुग्णालयाच्या मुख्य अधिकाऱ्याला पत्र लिहिले. स्वतः आकडे जमवायला लागले. वरिष्ठांना ते आवडले नाही. वर्षे गेली. जानेवारी १९९५ मध्ये दीड वर्षाच्या एका मुलावर अवघड शस्त्रक्रिया ठरली होती. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांची बैठक झाली, शस्त्रक्रिया करावी की नाही यावरच. आरोग्य खात्याकडूनही काळजीचा निरोप आला होता. बैठकीत बोल्सिन यांनी विरोध केला, बाकीच्यांनी करावी असे ठरवले. दुसऱ्या दिवशी ते मूल शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावले.

मला या प्रसंगात सर्वांत अस्वस्थ करते ती ती बैठक. म्हणजे सहकाऱ्यांचे परीक्षण तिथे नव्हते असे नाही. जाणकार मंडळी एकत्र बसली, बोलली, निर्णय झाला. जे हवे म्हणून मी हा लेख लिहितो आहे, ते रूपाने तिथे घडले होते. तरी मूल वाचले नाही. कारण त्या खोलीत बसलेले सगळे एकाच रुग्णालयाचे होते, एकमेकांवर अवलंबून होते, आणि ज्याच्या कामाबद्दल प्रश्न होता त्याच्याशी त्यांना उद्याही काम करायचे होते. पुढे सार्वजनिक चौकशी इयान केनेडी यांच्याकडे सोपवली गेली. २००१ च्या अहवालाने दाखवले की १९९१ ते १९९५ या काळात त्या विभागात एक वर्षाखालची ३० ते ३५ मुले, एरवीच्या विभागात झाली असती त्यापेक्षा जास्त दगावली. १९९८ मध्ये जनरल मेडिकल कौन्सिलने दोन शल्यविशारद आणि रुग्णालयाचे मुख्य अधिकारी अशा तिघांना गंभीर व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल दोषी धरले. बोल्सिन तोवर ऑस्ट्रेलियात निघून गेले होते. खरे बोलणाऱ्याला देश सोडावा लागला, हे वैद्यकीय व्यवसायाच्या इतिहासातले एक दुःखद पान आहे.

आपल्या तालुक्याच्या गावात हे एकमेकांवरचे अवलंबून असणे आणखी घट्ट असते. भूलतज्ज्ञ जगतो तो सर्जनच्या कॉलवर. सर्जन जगतो तो जनरल प्रॅक्टिशनरच्या चिठ्ठीवर. पॅथॉलॉजिस्ट, सोनोग्राफीवाला, मेडिकलचे दुकान सगळे एकाच साखळीत. यात कटचा, म्हणजे रुग्ण पाठवण्याच्या दलालीचा, व्यवहार मिसळला की तोंडे पुरती बंद होतात. डॉ. अरुण गद्रे यांनी देशभरातल्या ७८ डॉक्टरांशी बोलून जे पुस्तक केले, ‘कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची’, त्यात डॉक्टरांनीच ही कोंडी सांगितली आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार करवून घेतला होता. तो कायदा झाला नाही. ज्याचे पुढच्या महिन्याचे कॉल उद्याच्या एका वाक्यावर अवलंबून आहेत, त्या भूलतज्ज्ञाकडून धैर्याची अपेक्षा करत बसणे मला अन्यायाचे वाटते. त्याला धैर्य दाखवावे लागू नये अशी व्यवस्था हवी.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. परीक्षण हातात आले की ते शस्त्रही होते. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात अस्टोरिया नावाचे छोटे गाव आहे. गावात एकच रुग्णालय आणि तिथले बहुतेक डॉक्टर एकाच खासगी क्लिनिकचे भागीदार किंवा नोकर. टिमोथी पॅट्रिक या सर्जनने त्या क्लिनिकची भागीदारी नाकारून स्वतःचा दवाखाना थाटला. क्लिनिकचे डॉक्टर त्याच्याकडे रुग्ण पाठवेनात. पुढे रुग्णालयाच्या परीक्षण समितीपुढे त्याचे काम निकृष्ट असल्याचे प्रकरण उभे केले गेले, म्हणजे त्याचे शस्त्रक्रिया करण्याचे हक्क जावेत. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८८ मध्ये निकाल पॅट्रिकच्या बाजूने लागला. ज्युरीने साडेसहा लाख डॉलर नुकसानभरपाई ठरवली होती, ती स्पर्धाविरोधी कायद्याप्रमाणे तिप्पट झाली. हे प्रकरण खालच्या न्यायालयांत चालू असतानाच, १९८६ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने वेगळा कायदा करून सद्हेतूने परीक्षण करणाऱ्या डॉक्टरांना दाव्यांपासून संरक्षण दिले. अस्टोरियाची गोष्ट वाचताना महाराष्ट्रातले कितीतरी तालुके डोळ्यांपुढे येतात. दोन स्त्रीरोगतज्ज्ञ, एक चौक, समोरासमोर पाट्या. त्यांतल्या एकाने दुसऱ्याचे केस पेपर तपासावेत असे म्हणणे हा वेडेपणा होईल. तपासणारा त्याच विषयाचा हवा, पण त्याच गावाचा नको. निदान शेजारच्या जिल्ह्याचा हवा, आणि कुणाचे कागद आहेत हे त्याला कळता कामा नये.

तिसरा दोष माणसाच्या मनातच आहे. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ११२ भूलतज्ज्ञांना भूल देताना गुंतागुंत झालेल्या २१ केसेस तपासायला दिल्या गेल्या. प्रत्येक केसच्या दोन प्रती होत्या. हकीगत तीच, फक्त एका प्रतीत इजा तात्पुरती आणि दुसरीत कायमची. ज्यांना कायमच्या इजेची प्रत मिळाली त्यांनी तेच उपचार कितीतरी जास्त वेळा अयोग्य ठरवले. म्हणजे तज्ज्ञसुद्धा शेवट वाचून मग निर्णयाला नावे ठेवतो. रुग्ण गेला की प्रत्येक पाऊल संशयास्पद दिसते, रुग्ण हसत घरी गेला की काहीच दिसत नाही. म्हणून फक्त वाईट शेवट झालेल्या केसेस तपासण्याची पद्धत दोन्हीकडून फसते. चांगल्या डॉक्टरावर ती अन्याय करते, आणि निष्काळजी डॉक्टराच्या सुदैवी केसेस तिच्या हाती कधी लागतच नाहीत. सरसकट सर्व केसेसमधून, नाहीतर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या केसेसमधून, शेवट झाकून फक्त निर्णयापर्यंतचे कागद पाहावेत. हे जमण्यासारखे आहे. पिशवी काढण्याच्या बाबतीत तर अगदीच सोपे आहे, कारण प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधीचाच आहे.

इतके धोके असताना हा उद्योग करावाच का? कारण जिथे तो नीट झाला तिथे माणसे वाचली आहेत. अमेरिकेच्या मेन, न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या तीन राज्यांतल्या हृदयशल्यविशारदांनी १९८७ मध्ये आपला गट केला. तेवीस सर्जन, म्हणजे त्या भागात बायपास करणारे सगळेच. त्यांनी आपापले आकडे एकत्र केले तेव्हा रुग्णालयारुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण वेगवेगळे निघाले आणि रुग्ण जास्त आजारी होते म्हणून तसे झाले असे म्हणता येईना. मग त्यांनी एक अगदी साधी गोष्ट केली. एकमेकांकडे गेले. सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि हार्ट-लंग मशीन चालवणारे तंत्रज्ञ असा सगळा चमू दुसऱ्या रुग्णालयात जाऊन दिवसभर नुसता पाहत उभा राहिला. कोण काय कधी करतो, काय बोलतो, रुग्ण टेबलावरून कसा उतरवला जातो. प्रत्येकाला आपले आकडे नियमित मिळू लागले. १९९६ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले, तेव्हा अपेक्षेपेक्षा मृत्यू २४ टक्क्यांनी कमी झाले होते. कुणाचे नाव वर्तमानपत्रात आले नाही, कुणाचा परवाना गेला नाही. मिशिगनमध्ये पुढे लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जननी आपापला एक व्हिडिओ दिला आणि नावे न कळता सहकाऱ्यांनी त्यांच्या हाताला गुण दिले. २०१३ मध्ये निकाल छापला गेला. सर्वांत कमी गुण मिळालेल्या चौथ्या हिश्श्यातल्या सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के होते, सर्वांत वरच्या हिश्श्यात ५.२ टक्के. हात कसा आहे हे सहकाऱ्याला दिसते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

‘ते अमेरिकेत, इथे शक्य नाही’ हे उत्तर तयार असते. म्हणून केरळ. केरळमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने २००४ पासून मातामृत्यूंचा गोपनीय आढावा घ्यायला सुरुवात केली. डॉ. व्ही. पी. पैली यांचा त्यात पुढाकार होता. कल्पना ब्रिटनची, जिथे १९५२ पासून असा आढावा घेतला जातो. रुग्णालयाकडून केस पेपरची प्रत येते, त्यावरचे रुग्णाचे, डॉक्टरांचे, रुग्णालयाचे नाव काढून टाकले जाते, मग प्रशिक्षित तज्ज्ञ ती वाचतात. दोष कुणाचा हे शोधायचेच नाही, कुठल्या टप्प्यावर काय वेगळे करता आले असते एवढेच लिहायचे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आणि वाढलेला रक्तदाब ही मोठी कारणे निघाली, कुठे उशीर होतो ते कळले, आणि त्यावर राज्यभर प्रशिक्षण घेतले गेले. सरकारने पाठिंबा दिला, पण काम डॉक्टरांनी केले. यात मला महत्त्वाचे वाटते ते हे की खासगी रुग्णालये यात सामील झाली. जे केरळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना जमले ते महाराष्ट्रातल्यांना जमणार नाही, असे म्हणायला मी तयार नाही. ज्ञानात, संघटनेत, साधनांत ते कुणाहून कमी नाहीत.

आता कायद्याची भीती. ती खोटी नाही. १९९५ च्या शांता खटल्यातल्या निकालानंतर वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. दवाखान्याच्या काचा फुटतात, डॉक्टरला मारहाण होते, आणि अशा वातावरणात ‘माझ्या केसमध्ये चूक झाली असावी’ असे लिहून ठेवलेला कागद उद्या वकिलाच्या हाती लागला तर काय, हा प्रश्न कुठलाही शहाणा डॉक्टर विचारील. ऑस्ट्रेलियात शस्त्रक्रियेशी संबंधित मृत्यूंचा आढावा तिथल्या सर्जनच्या कॉलेजकडून घेतला जातो आणि त्या कागदांना कायद्याचे कवच आहे, ते न्यायालयात मागता येत नाहीत. आपल्याकडे असे स्वतंत्र कवच नाही. ते मागितले पाहिजे, आणि डॉक्टरांच्या संघटनांनी ते मागितले तर रुग्णांच्या बाजूच्या लोकांनीही त्यांना साथ दिली पाहिजे. मूळ केस पेपर रुग्णाचा आहे आणि तो न्यायालयात जाईलच. पण सहकाऱ्यांनी शिकण्यासाठी केलेली चर्चा वेगळी ठेवता येते. कवच मिळेपर्यंत केरळसारखी नावे काढून टाकण्याची वाट मोकळी आहे.

शिवाय एक गोष्ट विसरली जाते. न्यायालय शेवटी काय विचारते? जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी त्या विषयातल्या निःपक्षपाती डॉक्टराचे मत घ्या. म्हणजे सहकाऱ्याचे मत शेवटी घ्यावेच लागते. फरक इतकाच की तेव्हा ते पोलीस ठाण्यातून मागवले जाते, रुग्ण गेलेला असतो, शेवट माहीत असतो आणि वर सांगितलेला मनाचा दोष पुरता कामाला लागलेला असतो. तेच मत आधी, शांतपणे, नाव न कळता घेतले तर डॉक्टरलाही जास्त न्याय मिळेल.

बीडमध्ये सरकारने तातडीने जे केले ते म्हणजे खासगी दवाखान्यांनी पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. त्या क्षणी दुसरे काही सुचण्यासारखे नव्हते, हे मान्य. पण एका अधिकाऱ्याच्या टेबलावरची परवानगी हळूहळू सहीचा विषय होते, आणि जिच्या फायब्रॉइडमुळे रक्त सहा ग्रॅमवर आले आहे तिला तीच सही आठवडाभर ताटकळत ठेवते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्यांत जिल्ह्यापासून देशापर्यंत देखरेख समित्या आहेत. या समित्यांत आकडे जमतील. केस पेपर वाचून ‘गोळ्या किती महिने दिल्या होत्या? गर्भाशयात बसवायचे औषधी साधन सुचवले होते का? बीजकोश का काढले?’ असे विचारणारे डॉक्टर त्यांत बसले नाहीत, तर त्या आकड्यांचा उपयोग तक्ते भरण्यापलीकडे होणार नाही.

डॉक्टरांची एक तक्रार मी पुष्कळ ऐकली आहे आणि तिला उत्तर दिले पाहिजे. ‘बाईच म्हणते काढून टाका. हंगामाला जायचे आहे, दर महिन्याला हे नको. आम्ही काय करायचे?’ ती असे म्हणते हे खरे आहे. तिच्यापुढे पर्यायच नसतात म्हणून म्हणते. सहा महिने फडावर, पाण्याची सोय नाही, औषध संपले तर जवळ दवाखाना नाही. इथे कुठल्याही समितीची यादी अपुरी पडेल, कारण प्रश्न निम्मा वैद्यकाचा आणि निम्मा मजुरीचा आहे. पण म्हणूनच डॉक्टरने तो निर्णय एकट्याने घेऊ नये. शंभर केस पेपरांत पन्नास ठिकाणी ‘रुग्णाच्या आग्रहावरून’ असे कारण सापडले, तर तो शेरा कुणा एका डॉक्टरविरुद्ध नसेल. साखर कारखान्यांपुढे आणि सरकारपुढे ठेवण्यासारखा तो पुरावा असेल, आणि तज्ज्ञांच्या संघटनेच्या शिक्क्यानिशी आलेला पुरावा टाळणे कुणालाही जड जाईल.

रुग्ण विचारतील, डॉक्टरच डॉक्टरांना तपासणार म्हणजे सांभाळूनच घेणार ना? ब्रिस्टलनंतर हा प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. म्हणून दोन गोष्टी बंधनकारक हव्यात. एक, नावे गुप्त राहतील पण एकूण आकडे दरवर्षी मराठीत जाहीर होतील: इतक्या केसेस पाहिल्या, इतक्यांत कारण अपुरे होते, गेल्या वर्षी इतके होते. दुसरी, वारंवार समज देऊनही एखाद्याचे काम बदलत नसेल तर गोपनीयता तिथे संपेल आणि प्रकरण वैद्यकीय परिषदेकडे जाईल. गोपनीयता शिकणाऱ्यासाठी आहे, न शिकणाऱ्यासाठी नाही. हे आधीच लिहून ठेवले तर पुढे वाद होणार नाहीत.

हे सगळे सुरू करायला नवा कायदा, नवे कार्यालय, मोठा निधी यातले काहीच लागत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जिल्हा संघटना आहेत, त्यांच्या दर महिन्याला बैठका होतात, सीएमई म्हणजे डॉक्टरांचे शिक्षणवर्ग होतात, त्यांना औषध कंपन्यांचे प्रायोजक मिळतात. त्यातली एक बैठक याला द्यावी. बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगर, सोलापूर या पाच जिल्ह्यांच्या संघटनांनी आधी एकत्र बसून कारणांची यादी ठरवावी. मग प्रत्येक सदस्याने चाळिशीच्या आतल्या स्त्रियांच्या आपल्या शेवटच्या दहा गर्भाशय शस्त्रक्रियांचे कागद, नावे काढून, शेजारच्या जिल्ह्याकडे पाठवावेत आणि तिकडचे दहा स्वतः वाचावेत. पुढचा ऊसतोडीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. त्याआधी पहिली फेरी पुरी होऊ शकते. या पाच जिल्ह्यांतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना माझी विनंती आहे की त्यांनी ती करावी.